काही हरकत नाही

परवा रेडिंगहून माझ्या मावसभावाने एक फोटो पाठवला. रस्त्यावरचा दिव्याचा खांब आणि त्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये घालून बांधलेला एक पिवळा कागद. त्याच्या शेजारणीला मागच्या अंगणात स्वयंपाकघर जरा वाढवायचंय. तिने तिथल्या कौन्सिलकडे अर्ज केलाय, आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर २१ दिवसांत कळवा, असं त्या कागदावर लिहिलंय. खाली भावाची मल्लिनाथी: "बघ, इथे दुसऱ्याच्या ओट्याबद्दलही बोलायचा हक्क असतो!"

मी हसले. पण पूर्ण मनापासून नाही, कारण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेला निळे पत्रे लागले होते.

बेलापूरला आम्ही राहायला आलो तेव्हापासून ती जागा मोकळीच होती. पावसाळ्यात गुडघाभर गवत, दिवाळीनंतर क्रिकेट, नवरात्रात मांडव, एरवी संध्याकाळी सायकल शिकणारी पोरं आणि कट्ट्यावर आजोबामंडळी. माझा मुलगा तिथेच सायकल शिकला, तिथेच हात मोडून घेतला. आम्ही सगळे तिला 'मैदान' म्हणायचो. रिक्षावाल्यालाही 'मैदानापाशी' एवढं सांगितलं की पुरायचं.

पत्रे लागले तशी सोसायटीत एकच बोंब झाली. मैदान गेलं! मी सेक्रेटरी, त्यामुळे निषेधाचं पत्र लिहायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. आता पत्र लिहायचं तर भूखंड क्रमांक तरी हवा, म्हणून मी पहिल्यांदाच आमच्या सेक्टरचा नकाशा नीट उघडून बघितला. पहिल्यांदाच, हे कबूल करते. तिथे आमच्या मैदानाच्या जागी मैदान नव्हतंच. होता एक भूखंड, क्रमांकासकट, वापर 'निवासी'. आज बदललेला नव्हे, आम्ही येण्याच्या आधीपासूनचा. कुणी आमचं काही हिसकावलं नव्हतं. विकायला उशीर झालेल्या एका प्लॉटवर आम्ही इतकी वर्षं खेळत होतो, एवढंच.

मोकळी जागा म्हणजे मैदान नव्हे. साधं वाक्य आहे, पण ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

त्यानंतरचे काही आठवडे मी हा विषय जरा वाचून काढला. मी काही नगररचनेतली तज्ज्ञ नाही, चूक असेल तिथे जाणकारांनी कान धरावा. पण जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आमच्या मीटिंगमध्ये प्रत्येक जण 'नगरसेवकाला गाठा, परवानगी थांबवायला सांगा' म्हणत होता, आणि मुळात आपल्याकडे परवानगी तशी दिलीच जात नाही.

आपल्याकडचा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४४ खाली जागेचा मालक किंवा भाडेपट्टेदार अर्ज करतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याचा आर्किटेक्ट करतो. कलम ४५ खाली महापालिका परवानगी देते, अटींसह देते किंवा नाकारते. हे काम नगररचना विभागाचं. तिथे बघतात काय? एफएसआय किती, चारी बाजूंनी अंतर किती सोडलंय, उंचीप्रमाणे रस्ता पुरेसा रुंद आहे का, पार्किंग किती, अग्निशमनचा दाखला आहे का, विकास शुल्क भरलं का. २ डिसेंबर २०२० ला राज्य शासनाने बहुतेक सगळ्या शहरांसाठी एकच नियमावली आणली, तिला युडीसीपीआर म्हणतात. नवी मुंबईलाही तीच. नियमात बसलं की सीसी मिळते आणि काम सुरू. पूर्ण झालं की ओसी. आणि नियमात बसणाऱ्या अर्जावर ६० दिवसांत काहीच निर्णय दिला नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा धरून चालतो.

यात नगरसेवक कुठे आहे? कुठेच नाही. अर्जावर सभागृहात चर्चा नाही, हात वर करून मतदान नाही. आणि शेजारी? तोही नाही. त्याला कळवायचं बंधन नाही, त्याचं म्हणणं ऐकायचं बंधन नाही. परवानगी नाकारली तर अर्जदाराला ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, कलम ४७. परवानगी मिळाली आणि ती चुकीची आहे असं समोरच्या इमारतीतल्या माणसाला वाटलं, तर त्याच्यासाठी त्या कलमात शब्दही नाही. त्याने सरळ उच्च न्यायालयाची पायरी चढायची.

भावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "फार भारावून जाऊ नकोस. इथेही बहुतेक अर्ज अधिकारीच निकालात काढतात, मोठे आणि वादाचेच तेवढे नगरसेवकांच्या समितीपुढे जातात. आणि अपील इथेही फक्त अर्जदारालाच." नंतर वाचलं तर खरंच तसं आहे. शेजाऱ्याला अपिलाचा हक्क हवा असेल तर इंग्लंड सोडून आयर्लंडला जायला हवं! पण तरी तो पिवळा कागद राहतोच. निर्णय कुणीही घेवो, निदान तो व्हायच्या आधी गल्लीला कळतं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे प्रत्येक अर्जावर लोकांना विचारायची गरजच काय? जागेचा वापर आधीच ठरलेला असतो, अर्जाच्या वेळी फक्त हिशेब तपासायचा. बरोबर आहे, आणि हीच खरी मेख आहे. आपल्याकडे निर्णय अर्जाच्या टेबलावर होतच नाही. तो होतो विकास आराखड्यात. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे बाजार हे आराखडा ठरवतो. लोकांना बोलायची जागाही तिथेच. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक दिवसांत हरकती आणि सूचना मागवतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. कलम २८ प्रमाणे तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. शेवटी मंजुरी राज्य शासनाची. आराखडा साधारण २० वर्षांसाठी. म्हणजे एका पिढीला एकदा विचारतात, थोडे दिवस विचारतात, आणि तेव्हा तुम्ही गप्प बसलात तर तुमची काही हरकत नाही असं गृहीत धरतात.

बरं, आपल्या शहराला तर एका पिढीला एकदासुद्धा धड विचारलं गेलं नाही. नवी मुंबईची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ च्या सुमारास 'मार्ग' मासिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा या शहरासाठी ठरली. १९७१ मध्ये सिडकोला नवीन शहर विकास प्राधिकरण नेमलं आणि तिचा विकास आराखडा १९७९ मध्ये मंजूर झाला. महापालिका आली १ जानेवारी १९९२ ला, आणि नियोजनाचे अधिकार तिला मिळाले १९९४ मध्ये. महापालिकेने स्वतःचा पहिला प्रारूप आराखडा लोकांपुढे ठेवला तो ऑगस्ट २०२२ मध्ये.

१९७९ ते २०२२. ४३ वर्षं. जो मुलगा पहिल्या आराखड्याच्या वर्षी जन्मला, त्याची मुलं दुसऱ्याच्या वर्षी दहावीला असतील.

आणि या सगळ्यात आपल्या शहराची एक खास गोष्ट आहे, जी पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना समजावून सांगावी लागते. इथे जमीन एकाच मालकाची आहे. आपण 'मालकी हक्काचा फ्लॅट' म्हणतो, पण खालची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. नवीन शहर उभं करायला पैसा कुठून येणार? तर भूखंड विकून. म्हणजे ज्याने नकाशा काढला तोच विक्रेता. १९७९ चा आराखडा ढोबळ होता, सेक्टरांचे बारीक नकाशे नंतर तयार होत गेले. कुठला भूखंड उद्यान आणि कुठला इमारत, हे ठरवणारा हात आणि निविदा उघडणारा हात एकाच अंगाचे.

आता हे नुसतं वाईट म्हणून सोडून देणं अन्याय होईल. मानखुर्द ते बेलापूर रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, म्हणून १९९२ मध्ये वाशीला लोकल आली. वाशी स्टेशनातून रोज उतरणाऱ्या माझ्यासारखीने भूखंडविक्रीला सरसकट नावं ठेवायची म्हणजे ज्या ताटात जेवलो त्यातच थुंकण्यासारखं आहे. रुंद रस्ते, होल्डिंग पाँड, स्टेशनं, सगळं त्या पैशातून उभं राहिलं. पण शहर भरत आलं, विकण्यासारखी जमीन संपत आली, की विक्रेत्याची नजर शेवटच्या मोकळ्या तुकड्यांवर जाणारच. तिथे त्याला थांबवणारा दुसरा कुणीतरी हवा.

घणसोलीचं उदाहरण बघा. सेक्टर १२ आणि १२ ए मधली २० एकर जागा २००३ मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी राखून ठेवली होती. २०१६ मध्ये सिडकोने त्यातला भाग एका खासगी विकासकाला घरं आणि दुकानांसाठी दिला. मग २०२१ मध्ये शासनाने ठरवलं की संकुल माणगाव तालुक्यातल्या नाणोरे इथे करू. घणसोलीपासून सुमारे ११५ किलोमीटर! म्हणजे घणसोलीच्या पोराने संध्याकाळी शाळा सुटल्यावर ताम्हिणीच्या वाटेवर पळायला जायचं. भारतीय वास्तुविशारद संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने जनहित याचिका केली. जुलै २०२४ मध्ये न्या. महेश सोनक आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने हे स्थलांतर रद्द केलं, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला.

निकाल वाचून आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण नंतर विचार केला, २००३ ते २०२४ म्हणजे २१ वर्षं. २००३ मध्ये जी मुलं बारा वर्षांची होती, ज्यांच्यासाठी ती जागा राखली होती, ती आज तिशी ओलांडून गेली. ती त्या मैदानावर एकदाही धावली नाहीत. न्यायालयाने जागा वाचवली, बालपण कसं वाचवणार? शिवाय हे एक प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं ते कागद वाचता येणारी, नकाशा समजणारी माणसं पाठीशी होती म्हणून. आमच्या सोसायटीच्या बसकी ही गोष्ट नाही. आम्ही लिफ्टच्या कंत्राटावर दोन वर्षं भांडतोय.

आता जरा स्वतःकडे येते, कारण हा लेख दुसऱ्यांना बोल लावण्यासाठी लिहायला घेतला नव्हता.

ऑगस्ट २०२२ मध्ये प्रारूप आराखडा आला तेव्हा मी काय केलं? जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली होती, ती मी वाचली नाही. हजारोंनी हरकती दाखल झाल्या, त्यातली एकही मी स्वतः लिहिलेली नाही. मी फक्त सह्या केल्या. गेटवर एक जण छापील अर्जांचा गठ्ठा घेऊन उभा होता, ऑफिसची घाई होती, पिशवीत दूध होतं. त्याने दोन कागद पुढे केले, "मॅडम, आपल्या सेक्टरसाठी आहे." मी दोन्हींवर सही केली. पहिला कागद कुठल्यातरी उद्यानाचं आरक्षण राहावं म्हणून होता. दुसरा काय होता ते मला मागाहून, जवळजवळ वर्षाने कळलं. आमच्या बाजूला दैनंदिन बाजारासाठी जागा सुचवली होती, त्यात मासळीही आली असती. ती नको, अशी ती हरकत होती.

आणि हे मला कुणी सांगितलं? दिवाळ्याहून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी. गेली कितीतरी वर्षं त्या आमच्या कोपऱ्यावर फूटपाथवर पाटी घेऊन बसतात. गाडी आली की पाटी उचलून पळायचं, गाडी गेली की परत येऊन बसायचं. एक दिवस मी नेहमीसारखी सहानुभूती दाखवायला गेले, "मावशी, तुम्हाला नीट जागा मिळायला हवी हो." त्या बोंबील साफ करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जागा देणार होते ना ताई. तुमच्याच बिल्डिंगीतल्या लोकांनी सह्या केल्या, नको म्हणून."

मी काही बोलू शकले नाही. त्यांनी बोंबील पिशवीत घातले, सुटे पैसे मोजून दिले आणि मग म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याची जमीन घेतली तेव्हा त्याला कोणी विचारलं नाय. आता तुमाला विचारलं तं तुमी नाय म्हनलात."

त्या वाक्यानंतर मला माझ्या निषेधपत्रात 'आम्हा स्थानिक रहिवाशांना विश्वासात न घेता' हे शब्द लिहिताना हात थांबायला लागला. स्थानिक कोण? आम्ही ज्या सेक्टरात राहतो तिथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत डोली लावणारी माणसं होती. त्यांच्या हरकती कुठल्या कलमाखाली नोंदल्या गेल्या? जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे दि. बा. पाटलांच्या लढ्याची सरकारला दखल घ्यावी लागली आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. म्हणजे त्यांची सुनावणी रस्त्यावर झाली आणि तिची किंमत पाच जीव.

गावठाणांचंही तसंच. कुटुंबं वाढली, मुलांची लग्नं झाली, पण गावठाणांची हद्द काही त्या वेगाने वाढवून मिळाली नाही. मग लोकांनी बापाच्या घराला लागून घर बांधलं. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, आणि ती नियमित करण्याचे निर्णय, दुरुस्त्या, पुन्हा निर्णय, असं वर्षानुवर्षं चाललंय. माझ्या ओळखीतले बरेच जण ही घरं आणि दिघ्यातल्या त्या ९९ बेकायदा इमारती, ज्यांच्यावर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कारवाई करायला लावली, एकाच मापाने मोजतात. दोन्हींकडे परवानगी नव्हती हे खरं. पण आपल्याच अंगणात मुलासाठी दोन खोल्या काढणं आणि दुसऱ्याच्या जमिनीवर सात मजले चढवून मध्यमवर्गीयांना फ्लॅट विकणं, यात फरक आहे की नाही? ज्याला अर्ज करायचा रस्ताच ठेवला नाही त्याने अर्ज केला नाही, हा गुन्हा नेमका कुणाचा?

म्हणून माझं मत आता थोडं बदललंय. पूर्वी मी म्हटलं असतं, प्रत्येक इमारतीच्या परवानगीला शेजाऱ्यांची संमती हवी. आता तसं म्हणत नाही. मला माझे शेजारी माहीत आहेत, आणि माझी सहीही माहीत आहे. आम्हाला नकाराधिकार दिला तर आम्ही बाजार नको म्हणू, स्मशान नको म्हणू, दवाखाना नको कारण गाड्या लागतील, वसतिगृह नको कारण मुलं रात्री मोठ्याने बोलतील. सगळं हवं, पण दुसऱ्याच्या दारात. समोरच्या प्लॉटवर येणाऱ्या इमारतीतही माणसंच राहायला येणार आहेत, जशी आम्ही आलो होतो. आम्ही आलो तेव्हा आमच्या मागच्या सोसायटीची हवा अडली असेलच की!

तेव्हा नकाराचा हक्क नको. पण कळण्याचा हक्क मात्र हवाच, आणि ऐकून घेतल्यावर उत्तर मिळण्याचा. मला सुचतात त्या चार साध्या गोष्टी.

एक, प्रत्येक मोकळ्या भूखंडावर आजच एक पाटी लावा. भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ, वापर, बस्स. काम सुरू झाल्यावर बिल्डरची पाटी लागतेच, मी म्हणते आधी लावा. 'ही जागा निवासी इमारतीसाठी आहे' असं तिथे पहिल्यापासून लिहिलेलं असतं तर आम्ही तिला मैदान म्हटलं नसतं, आणि खऱ्या मैदानासाठी दहा वर्षं आधी भांडलो असतो.

दोन, आराखड्यातला किंवा सेक्टरच्या नकाशातला वापर बदलायचा असेल तर सूचना फक्त राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नको. त्या जागेवर, मराठीत, आणि लांबून वाचता येईल अशा अक्षरात हवी.

तीन, हरकतीला कारणांसह लेखी उत्तर. 'नामंजूर' एवढा शिक्का नको. छापील गठ्ठ्यावरच्या हजार सह्यांपेक्षा एका माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या पत्राला महत्त्व मिळतं हे दिसलं, तर लोक गठ्ठे आणणं बंद करतील. माझ्यासारख्यांच्या सह्याही आपोआप थांबतील.

चार, वॉर्डातल्या लोकांची सभा. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. मी आजवर एकाही क्षेत्रसभेला गेलेले नाही, आणि ओळखीत गेलेलं कुणी भेटलेलं नाही. त्या सभेत सेक्टरमधले लोक आणि गावठाणातले लोक एका सतरंजीवर बसावेत, मग मावशींनी माझ्या तोंडावर विचारावं की बाजार कुठे हवा ते तरी सांगा. तिथे 'नको' म्हणणं फूटपाथवरच्या गेटपाशी सही करण्याइतकं सोपं जाणार नाही.

हे कोण करणार? ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची जी यादी दिली, तिच्यात पहिलंच काम नगर नियोजन आहे. पहिलं! आणि आपल्या महापालिकेत मे २०२० ला सभागृहाची मुदत संपल्यावर साडेपाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. शहराचा पहिला आराखडा लोकांपुढे आला, हरकती आल्या, त्या काळात लोकांनी निवडून दिलेलं कुणी खुर्चीवर नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झालं. प्रचाराच्या वेळी आमच्याकडे पाणी, पार्किंग आणि पुनर्विकास यांवर प्रश्न विचारले गेले. तेही खरेच प्रश्न आहेत. पण 'सेक्टरचा नकाशा दाखवा' असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही, कारण पत्रे तोवर लागले नव्हते.

असो. निषेधाचं पत्र मी शेवटी लिहिलं नाही, त्यावरून कमिटीत थोडी नाराजी आहे. त्याऐवजी आमच्या आणि शेजारच्या दोन सेक्टरांतल्या प्रत्येक मोकळ्या भूखंडाचा क्रमांक आणि वापर मी एका कागदावर उतरवून काढला. तीन शनिवार गेले. त्यात खरंखुरं खेळाच्या मैदानासाठीचं एकच सापडलं, तिथे सध्या राडारोडा पडलेला आहे. तो कागद लिफ्टजवळच्या फलकावर लावलाय. पोरांनी तो माझ्याआधी वाचला आणि रविवारी बॅट घेऊन तिथे जाऊन राडारोडा बघून परत आली.

मावशींना बाजाराच्या जागेचं काय झालं ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. बोंबील मात्र त्यांच्याकडूनच घेते. आणि गेटवर कुणी छापील कागद पुढे केला की आता चष्मा काढून आधी वाचते. दूध नासलं तरी चालेल.

तुमच्या घरासमोरची मोकळी जागा नकाशात नेमकी काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे का? रेडिंगच्या भावाला सोडून बाकी सगळ्यांना विचारतेय. त्याच्या शेजारणीच्या स्वयंपाकघराला, तो म्हणाला, गल्लीतून एकही हरकत आली नाही.